बुकशेल्फ स्पीकर: ॲक्टिव्ह घ्यावेत की पॅसिव्ह, हे ठरवण्याची रीत

चांगल्या प्रतीच्या बुकशेल्फ स्पीकरसाठी लाख-दीड लाख रुपये बाजूला काढणारा माणूस सहसा ‘कोणाचा आवाज सरस’ या प्रश्नापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो, कारण या किमतीला पोहोचलेल्या बहुतेक स्पीकरांचा आवाज चांगलाच असतो. आधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर यांची सोयरीक जुळवण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, स्पीकर घडवणाऱ्या अभियंत्याने की आपण स्वतः? ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये ती त्याने घेतलेली असते, पॅसिव्हमध्ये ती आपल्यावर येते, आणि दोन्हींचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, असा माझा आग्रह आहे.

नावांचा घोळ आधी मिटवा

पॅसिव्ह स्पीकरचा ॲम्प्लिफायर बाहेर असतो. त्याच्याकडून पूर्ण ताकदीने आलेला सिग्नल खोक्यातल्या क्रॉसओव्हरमध्ये शिरतो आणि तिथे कॉइल, कपॅसिटर व रेझिस्टर यांच्या साह्याने खालचे स्वर वूफरकडे व वरचे स्वर ट्वीटरकडे अशी वाटणी होते. या वाटणीत थोडी शक्ती उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते आणि वूफरच्या वाटेत कॉइलचा रोध कायमचा येऊन बसतो. ॲक्टिव्ह स्पीकरमध्ये हीच वाटणी सिग्नल लहान असतानाच, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या आधी होते, आणि वूफर व ट्वीटर यांना आपापला स्वतंत्र ॲम्प्लिफायर मिळतो. ॲम्प्लिफायर आणि वूफर यांच्यामध्ये मग तारेच्या एका तुकड्याखेरीज काही उरत नाही, त्यामुळे वूफरच्या थरथरणाऱ्या पडद्यावर ॲम्प्लिफायरची पकड घट्ट राहते.

या दोहोंच्या मध्ये ‘पॉवर्ड’ नावाचा तिसरा प्रकार आहे आणि तो दुकानात सर्रास ॲक्टिव्ह म्हणून विकला जातो. त्यात एका खोक्यात साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर बसवलेला असतो आणि दोन्ही खोक्यांत नेहमीचाच पॅसिव्ह क्रॉसओव्हर असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: एका खोक्यातून दुसऱ्यात साधी दोन तारांची स्पीकर वायर जात असेल आणि माहितीपत्रकात वूफर व ट्वीटर यांच्या ॲम्प्लिफायरची शक्ती वेगवेगळी दिलेली नसेल, तर तो बहुधा पॉवर्ड स्पीकर आहे. ती वस्तू वाईट असतेच असे नाही, मात्र तिच्यासाठी ॲक्टिव्हची किंमत मोजू नये.

एकाच स्पीकरची दोन रूपे

हा फरक समजून घेण्यासाठी माझ्या माहितीत सर्वांत बोलके उदाहरण केईएफ या ब्रिटिश कंपनीचे आहे. १९६१ मध्ये केंट परगण्यात सुरू झालेल्या या कंपनीने पन्नाशीच्या निमित्ताने २०१२ मध्ये एलएस५० हा छोटा स्पीकर आणला. २०२० मध्ये त्याच्या सुधारित आवृत्ती दोन रूपांत आल्या: पॅसिव्ह ‘एलएस५० मेटा’ आणि ॲक्टिव्ह ‘एलएस५० वायरलेस २’. वूफरच्या मधोमध ट्वीटर बसवलेली रचना दोन्हींत तीच आहे. मात्र ॲक्टिव्ह रूपात प्रत्येक स्पीकरमध्ये वूफरसाठी २८० वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या रचनेचा) आणि ट्वीटरसाठी १०० वॅटचा क्लास एबी (पारंपरिक रचनेचा) असे दोन ॲम्प्लिफायर आहेत.

आता खर्जाचे आकडे पाहा. ३ डेसिबलच्या चढउताराची मुभा धरून कंपनी पॅसिव्ह मेटाची खालची हद्द ७९ हर्ट्झ सांगते, तर ॲक्टिव्हची ४५ हर्ट्झ. जवळजवळ तेवढ्याच आकाराच्या खोक्यातून हा जादा खर्ज येतो, कारण आतला डिजिटल प्रोसेसर वूफरची क्षमता नेमकी जाणून खालचे स्वर हिशेबाने उचलून धरतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झची असते. ती तार मेटाच्या हद्दीबाहेर पडते आणि वायरलेसच्या हद्दीत येते. यावरून मेटावर तंबोरा ऐकू येणार नाही असे कोणी समजू नये, कारण जवारीमुळे तंबोऱ्याचा नाद बहुतांशी वरच्या अंशस्वरांत फुललेला असतो आणि मूळ स्वर कानाला त्यांवरूनही उमगतो. फरक जाणवतो तो डग्ग्याच्या घुमाऱ्यात, पखवाजात आणि चित्रपटसंगीतातल्या बास गिटारमध्ये.

या युक्तीला मर्यादा आहेत. आवाज फार वाढवला की वूफरला इजा होऊ नये म्हणून असा प्रोसेसर उचललेला खर्ज हळूहळू काढून घेतो. शिवाय पॅसिव्ह मेटाला पुढे कधीतरी सबवूफर जोडून खालचा सप्तक भरून काढता येतो. तरीही लहान खोक्यातून खोल खर्ज काढण्याच्या कामात ॲक्टिव्ह पुढे आहे, हे मी निःशंकपणे सांगेन.

पहिली पायरी: खोली मोजा

टेप घेऊन खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये लिहून काढा. ३४३ या आकड्याला, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला मीटरमधील वेगाला, त्या मापाच्या दुपटीने भागले की ती खोली कोणत्या स्वराला सर्वाधिक घुमते ते कळते. आपल्याकडच्या फ्लॅटमधली १२ बाय १० फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली घेतली, तर उत्तरे अनुक्रमे सुमारे ४७, ५६ आणि ५९ हर्ट्झ येतात. शेवटचे दोन आकडे एकमेकांना खेटून आहेत, म्हणजे त्या पट्ट्यात खोली दुहेरी घुमणार. अशा खोलीत ४५ हर्ट्झपर्यंत उतरणारा स्पीकर आणून प्रोसेसरची खर्ज कमी करण्याची सोय वापरली नाही, तर जादा खर्जासाठी मोजलेले पैसे गुंगुं आवाज करण्यातच जातील. काही ॲक्टिव्ह स्पीकरांसोबत मायक्रोफोनने खोली मोजून ही दुरुस्ती आपोआप करण्याची सोय मिळते. १९७८ पासून ॲक्टिव्ह मॉनिटर बनवणाऱ्या फिनलंडच्या जेनेलेकची अशी व्यवस्था स्टुडिओंमध्ये चांगलीच रुळलेली आहे.

मात्र प्रोसेसरलाही न सुटणारी एक अडचण आहे. स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट येणाऱ्या आवाजाला एका विशिष्ट स्वरावर खोडतो. तो स्वर काढायचा, तर ३४३ ला स्पीकरचा दर्शनी पृष्ठभाग आणि भिंत यांमधील अंतराच्या चौपटीने भागावे. अंतर २ फूट असेल तर उत्तर सुमारे १४० हर्ट्झ येते, म्हणजे वर सांगितलेल्या काळी एकच्या षड्जावरच खड्डा पडतो. ‘गायकाचा आवाज पातळ वाटतो’ अशी तक्रार करून ॲम्प्लिफायर बदलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी स्पीकर वीतभर सरकवून पाहायला हवा होता. हा खड्डा प्रोसेसरने भरता येत नाही, कारण सिग्नल वाढवला की त्याला खोडणारे परावर्तनही तेवढेच वाढते. म्हणून स्पीकर भिंतीपासून १ मीटर पुढे येऊ शकतो, की त्याला भिंतीला लागूनच राहावे लागणार आहे, हे खरेदीपूर्वी घरातल्या माणसांशी बोलून ठरवा. भिंतीजवळच ठेवायचा असेल, तर मागे हवेचे भोक नसलेला बंद खोक्याचा पॅसिव्ह स्पीकर किंवा ‘भिंतीजवळ’ अशी मांडणी निवडू देणारा ॲक्टिव्ह स्पीकर शोधावा. ॲक्टिव्हच्या पाठीवर ॲम्प्लिफायर असतो आणि तो तापतो, तेव्हा बंद फडताळात त्याला कोंबू नये.

दुसरी पायरी: लागणारी शक्ती काढा

ही पायरी पॅसिव्हकडे कल असलेल्यांसाठी आहे, कारण ॲक्टिव्हमध्ये हा हिशेब निर्मात्याने केलेला असतो. मेटाची संवेदनक्षमता ८५ डेसिबल आहे, म्हणजे ८ ओहमच्या हिशेबाने १ वॅट दिल्यास १ मीटरवर ८५ डेसिबल आवाज मिळतो. अडीच मीटरवर बसल्यास अंतरामुळे आवाज कमी होतो, तर दुसरा स्पीकर आणि खोली मिळून त्यातला काही भाग परत देतात. ढोबळमानाने आसनापाशी ८० डेसिबल धरावे. शास्त्रीय गायनातली जोरकस तान किंवा तबल्याची ठाशीव थाप सरासरी पातळीच्या २० डेसिबल वर सहज जाते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सरासरी ८० डेसिबलला ऐकणाऱ्याला त्या क्षणापुरते १०० वॅट लागतात, तर ७० डेसिबलवर समाधान मानणाऱ्याला १० वॅट पुरतात. दोघांच्या ॲम्प्लिफायरच्या किमतीत केवढा फरक पडेल हे उघड आहे, म्हणून आपण खरोखर किती मोठ्याने ऐकतो ते आधी मोबाईलवरच्या ध्वनिमापक ॲपने आठवडाभर पाहावे.

दुसरा आकडा ओहमचा. मेटावर ८ ओहम लिहिलेले असले, तरी काही स्वरांवर त्याचा रोध ३.५ ओहमपर्यंत उतरतो. तिथे ॲम्प्लिफायरला दुपटीहून अधिक विद्युतप्रवाह पुरवावा लागतो. केवळ ८ ओहमची शक्ती छापून ४ ओहमबद्दल मौन बाळगणारा ॲम्प्लिफायर अशा स्पीकरला लावू नये.

स्पीकर वायरचे काम मी दोन वाक्यांत संपवतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या लवचीक वायरची ३ मीटरची जोडी जाऊन-येऊन सुमारे ०.०५ ओहम रोध करते, आणि क्रॉसओव्हरमधल्या कॉइलचा रोध बहुधा याच्या कित्येक पट असतो. महागड्या वायरचे पैसे स्टँड आणि गालिच्यासाठी ठेवावेत.

तिसरी पायरी: घरातली वीज तपासा

पॅसिव्ह जोडणीत ॲम्प्लिफायरसाठी एक सॉकेट पुरतो. ॲक्टिव्हमध्ये दोन्ही स्पीकरांजवळ अर्थिंगसह सॉकेट लागतो, आणि आपल्या दिवाणखान्यांत तो नेमका टीव्हीमागे एकाच जागी असतो. भिंत फोडून नवी वायर ओढण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरा. दोन्ही सॉकेट एकाच सर्किटवर असावेत, म्हणजे दोन वेगळ्या अर्थमुळे होणारी घरघर टळते. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते एक-दोन व्होल्टच्या वर जात असेल, तर आधी अर्थिंग सुधारावे.

माझ्या घरी ॲक्टिव्ह स्पीकर लावल्यावर पहिल्या दिवसापासून बारीक घरघर येत होती. स्पीकर सदोष समजून मी ते परत बांधायला घेतले होते, आणि अखेर दोष निघाला सेट-टॉप बॉक्सला बाहेरून येणाऱ्या केबलचा, जी स्वतःचा वेगळा अर्थ घरात आणत होती. ती काढताच घरघर थांबली. अशा वेळी प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो कधीही मानू नये. धातूची पाठ असलेल्या उपकरणाची अर्थ पिन काढणे जिवावर बेतू शकते. आपले उपकरण आणि स्पीकर दोन्हींवर एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांच्या, जोडणीची सोय असेल, तर ती वापरल्याने अशा घरघरीचा त्रास पुष्कळ कमी होतो.

वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा सर्ज प्रोटेक्टरवर भिस्त न ठेवता प्लग काढून ठेवावेत. पॅसिव्ह स्पीकर या संकटातून सहसा सहीसलामत सुटतो, कारण त्याचा विजेच्या सॉकेटशी संबंधच नसतो.

चौथी पायरी: संगीत कुठून येते ते लिहा

मोबाईल, संगणक आणि टीव्ही एवढेच स्रोत असतील, तर प्रोसेसर असलेला ॲक्टिव्ह स्पीकर सर्वांत सुटसुटीत, कारण संगीत डिजिटल रूपातच आत जाते आणि अगदी शेवटी एकदाच ॲनालॉग होते. तबकड्या ऐकणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा. टर्नटेबलपासून आलेला ॲनालॉग सिग्नल असा स्पीकर आधी डिजिटल करतो आणि मग वाजवतो. रूपांतर उत्तम दर्जाचे असते आणि त्याने आवाज बिघडतो असे मला कधी आढळले नाही. तरीही ज्याला तबकडीपासून कानापर्यंत अखंड ॲनालॉग वाट हवी आहे, त्याची ती इच्छा मी रास्त मानतो. अशांसाठी पॅसिव्हखेरीज आणखी एक पर्याय आहे: ब्रिटनच्या एटीसीसारखे काही निर्माते ॲक्टिव्ह स्पीकरची वाटणीही ॲनालॉग सर्किटनेच करतात. ‘ॲक्टिव्ह म्हणजे डिजिटल’ हा समज म्हणून चुकीचा आहे.

घरात आधीच दमदार ॲम्प्लिफायर असेल, तर पॅसिव्हकडे जाणे हाच शहाणपणा होय.

पाचवी पायरी: पूर्ण किंमत मांडा

स्पीकरच्या किमतींची थेट तुलना करणे ही सर्वाधिक होणारी चूक आहे. समजा हाताशी ३ लाख रुपये आहेत. पॅसिव्हच्या वाटेने त्यांतले दीड लाख स्पीकरवर, ९० हजार ॲम्प्लिफायरवर, ४० हजार स्ट्रीमरवर (इंटरनेटवरचे संगीत आणणारे उपकरण) किंवा डॅकवर (डिजिटल संगीताचे ॲनालॉग करणारे उपकरण) आणि उरलेले २० हजार स्टँड व वायरवर जातील. ॲक्टिव्हच्या वाटेने अडीच लाखांचे स्पीकर आणि २० हजारांचे स्टँड घेऊन ३० हजार शिल्लक राहतात, ज्यांत सॉकेटचे काम, जाड पडदे आणि गालिचा बसतो. चकचकीत टाइल्सच्या खोलीत जमिनीवर अंथरलेली जाड सतरंजी जेवढा फरक पाडते, तेवढा फरक पुष्कळदा महागडा डॅकही पाडत नाही.

पॅसिव्हच्या बाजूनेही हिशेब आहे. तिथे सगळे पैसे एका दिवशी लागत नाहीत. यंदा स्पीकर घेऊन जुन्या ॲम्प्लिफायरवर भागवता येते आणि दोन वर्षांनी तो बदलता येतो.

सहावी पायरी: दहा वर्षांनंतरची दुरुस्ती

माझ्या दृष्टीने निर्णय सर्वाधिक इथे ठरतो. पॅसिव्ह स्पीकरमध्ये बिघडण्याजोगे फार थोडे असते. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यध्वनिक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेले एलएस३/५ए स्पीकर आजही घरोघरी वाजत आहेत. क्रॉसओव्हरचा जुना कपॅसिटर तुमच्या गावातला जाणकार तंत्रज्ञही बदलून देऊ शकतो. वूफरच्या कडेचे वेष्टन फोमचे आहे की रबराचे एवढे मात्र विचारून घ्यावे, कारण आर्द्रतेने फोम लवकर भुसभुशीत होतो. कोकणात, गोव्यात आणि मुंबईतही रबराचाच आग्रह धरावा.

ॲक्टिव्हमध्ये ॲम्प्लिफायर, वीजपुरवठा आणि प्रोसेसर यांचे बोर्ड असतात, आणि एक जरी गेला तरी अख्खा स्पीकर मुका होतो. स्ट्रीमिंगची सोय आत असेल, तर कंपनी तिचे सॉफ्टवेअर किती वर्षे सांभाळेल हाही प्रश्न येतो. त्यामुळे विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: भारतात अधिकृत सेवा केंद्र कुठे आहे, बोर्ड सुटा मिळतो का, आणि वॉरंटी भारतासाठीच आहे का. परदेशातून नातेवाइकांकरवी मागवलेल्या स्पीकरला इथे वॉरंटी सहसा मिळत नाही. ज्यांना दुरुस्तीची धास्ती अधिक वाटते, त्यांनी कोलकात्याच्या सोनोडाइनचे ॲक्टिव्ह मॉनिटरही ऐकून पाहावेत, कारण निर्माता देशातच असणे ही मोठी सोय आहे. स्ट्रीमिंगबाबत माझा सल्ला असा, की शक्य असल्यास ॲक्टिव्ह स्पीकर साध्या इनपुटचा घ्यावा आणि स्ट्रीमर वेगळा ठेवावा, म्हणजे ॲप जुने झाले तरी स्पीकर जुना होत नाही.

सातवी पायरी: कान वापरा

आता दुकानात जावे. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणणे अनिवार्य आहे, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमी सरस वाटतो. आपल्या पाठ असलेल्या चार ध्वनिमुद्रणांपुरतेच मर्यादित राहावे. नुसता तंबोरा ऐका: जवारीचे वर्तुळ अखंड फिरत राहते की त्याला कडा येतात? स्त्री गायिकेच्या ‘श’ आणि ‘स’कडे लक्ष द्या: ते शब्दाला चिकटून येतात की ट्वीटरमधून वेगळे शिसतात? वूफर आणि ट्वीटर यांची सांधेजोड बहुतेक स्पीकरांत २ ते ३ हजार हर्ट्झच्या आसपास असते आणि तिथेच कान सर्वांत तीक्ष्ण असतो, त्यामुळे हार्मोनियमच्या वरच्या सप्तकात ती सांध कळून येते. डग्ग्यावर तळव्याने काढलेली मींड खालीपर्यंत सलग उतरायला हवी. पाऊण तास ऐकल्यावर कान थकले, तर तो स्पीकर कितीही तपशील दाखवत असला तरी घरी आणू नये.

मी कोणाला काय सांगेन

खोली लहान असेल, संगीत मुख्यतः मोबाईल-संगणकावरून येत असेल, घरात जुना ॲम्प्लिफायर नसेल आणि सेवा केंद्र आवाक्यात असेल, तर मी ॲक्टिव्हच सुचवतो, कारण ३ लाखांच्या आत निर्मात्याने जुळवलेली जोडी आपण जुळवलेल्या जोडीपेक्षा बहुधा सरस ठरते. वीज बेभरवशाची असलेल्या गावात राहणाऱ्याला, तबकड्यांचा संग्रह असणाऱ्याला आणि एकदा घेतलेली वस्तू वीस वर्षे वापरू पाहणाऱ्याला मी पॅसिव्ह सुचवतो.

घरी आणल्यावर

पॅसिव्ह असल्यास लाल तार लाल टोकालाच दोन्हीकडे जोडली आहे ना, ते प्रथम पाहावे. एकीकडे उलट झाल्यास गायक मधोमध उभा राहत नाही आणि खर्ज नाहीसा होतो. ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यायला हवा. सोफ्यावर ही उंची जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटिमीटर भरते, तर गादीवर तक्क्याला टेकून बसल्यास ७० ते ८० सेंटिमीटर. बाजारात मिळणारे ६० सेंटिमीटरचे स्टँड आणि त्यावर मेटासारखा मधोमध ट्वीटर असलेला ३० सेंटिमीटर उंच स्पीकर ठेवला, की ट्वीटर ७५ सेंटिमीटरवर येतो, त्यामुळे खाली बैठकीवर बसून ऐकणाऱ्याला काहीच बदलावे लागत नाही. सोफ्यावरून ऐकणाऱ्याने मात्र उंच स्टँड घ्यावेत किंवा स्पीकर किंचित मागे कलवावेत, आणि त्यानंतर पहिले आठ दिवस रोज एकच ध्वनिमुद्रण लावून, स्पीकर दरवेळी चार बोटे पुढे-मागे सरकवत, षड्ज भरीव लागेल ती जागा शोधून जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी.